कालव्याचा भराव आणि घुशीचे बीळ

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाच्या परिसरात मुठा उजवा कालवा फुटला. नदीला पूर आला नव्हता, धरणही फुटले नव्हते. तरीही भर दिवसा सिंहगड रस्त्यावर पाण्याचा लोंढा आला आणि शेकडो गरीब कुटुंबांचा संसार चिखलात गेला. तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी या दुर्घटनेचे कारण सांगताना उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी कालव्याचा भराव पोखरल्याचे म्हटले. त्यावर महाराष्ट्रभर हशा पिकला. पुढच्याच वर्षी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून अनेकांचे प्राण गेले. तेव्हाही जलसंधारण खात्याच्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि पुन्हा तोच हशा पिकला. व्यंगचित्रे निघाली, खेकड्यांना अटक करण्याची मागणी झाली आणि चार दिवसांनी सारे शांत झाले.

या हशात एक महत्त्वाचा प्रश्न वाहून गेला. घुशी आणि खेकडे खरोखरच कालवा फोडू शकतात काय? आणि फोडू शकत असतील, तर दोष कोणाचा?

हा प्रश्न हडपसरकरांनी तरी हसण्यावारी नेऊ नये. फुटला तोच कालवा खडकवासल्याहून निघून शहराच्या मध्यातून हडपसरला येतो आणि पुढे लोणी काळभोर, उरुळी कांचनवरून दौंड-इंदापूरच्या शेतांपर्यंत जातो. पन्नास वर्षांपूर्वी हडपसरजवळ या कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि भाजीपाला होता. आज तेथे इमारती, झोपड्या, गोदामे आणि वाहनतळ आहेत. शेतात कालवा फुटला तर पीक जाते. वस्तीत फुटला तर काय होते, हे दांडेकर पुलाने दाखवून दिले आहे. पाणी एकदा सुटले की काय करते, हे १२ जुलै १९६१ चा पानशेत प्रलय अनुभवलेल्या पुण्याला नव्याने शिकवण्याचे खरे तर कारण नव्हते.

प्रथम घुशीवरील आरोपाची शहानिशा करू. मातीच्या भरावात एखादे बीळ आरपार किंवा बरेच आतपर्यंत गेले, की पाण्याला वाट मिळते. सुरुवातीला ते केवळ झिरपते. झिरपताना मातीचे बारीक कण बरोबर नेते. त्यामुळे वाट रुंदावते, रुंदावलेल्या वाटेने अधिक पाणी येते, अधिक माती जाते आणि एके दिवशी वरचा भराव खचतो. हे सारे आतल्या आत घडत असल्यामुळे बाहेरून शेवटच्या क्षणापर्यंत काही दिसत नाही. इटलीत मोडेना शहराजवळ सेक्किया नदीचा बांध जानेवारी २०१४ मध्ये फुटला, तेव्हा अभ्यासकांनी केलेल्या चिकित्सेत साळिंदर, बिज्जू आणि कोल्हा यांच्या कुळांतील प्राण्यांच्या बिळांकडेच निर्देश झाला. म्हणजे मंत्र्यांचे विधान शास्त्राच्या दृष्टीने अगदीच हास्यास्पद नव्हते. हसणाऱ्यांनी एवढे तरी मान्य केले पाहिजे.

तथापि बीळ हे उत्तर नसून तेथून प्रश्नाला सुरुवात होते. घुशीने भरावातच बीळ का केले?

प्राणी घराची जागा लहरीप्रमाणे निवडत नाही. बहिणाबाई चौधरींनी जिचे कौतुक केले, त्या सुगरणीचे उदाहरण घ्यावे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास रायगड जिल्ह्यातील किहीम येथे या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. घरटे विणतो तो नर. मादी येते, अर्धवट विणलेले घर पारखते आणि पसंत पडले तरच तेथे राहते. ही घरटी बहुधा काटेरी बाभळीच्या किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला टांगलेली असतात. कारण तेथे साप आणि इतर शत्रू सहजी पोहोचत नाहीत. अन्न जवळ हवे, पाणी जवळ हवे, शत्रू दूर हवा, या तीन कसोट्यांवर जागा ठरते.

जमिनीत घर करणाऱ्यांचीही रीत हीच. खंड्या आणि वेडा राघू हे पक्षी नाल्याच्या किंवा ओढ्याच्या उभ्या दरडीत चोचीने बोगदा कोरतात आणि त्याच्या टोकाशी असलेल्या छोट्या खोलीत अंडी घालतात. त्यांना झाड नको, दरड हवी. खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ले ओले राहावेत म्हणून तो ओलावा लागेपर्यंत खाली बीळ नेतो. माळरानावरील खोकड अनेक तोंडांचे बीळ करते, म्हणजे एका दाराशी शत्रू आला तर दुसऱ्याने निसटता येते. घोरपड बिळात किंवा वारुळात अंडी घालते. वारूळ बांधते वाळवी आणि राहायला येतो नाग. 'आयत्या बिळात नागोबा' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याचे निसर्गाचे निरीक्षण पक्के होते. कारण नाग आणि धामण स्वतः बीळ खोदत नाहीत, उंदरांनी आणि वाळवीने केलेली घरे वापरतात. उंदीर खाऊन त्याच्याच घरात राहायचे, असा हा व्यवहार आहे.

आणि घूस? तिला खोदता येईल अशी मऊ माती हवी, खायला भरपूर हवे आणि ओलावा हवा. शेतातील लहान घूस तर धान्याची कणसे बिळात ओढून नेऊन आतल्या कोठारात साठवते आणि बिळाचे तोंड मातीने बुजवून टाकते. बाहेर दिसतो तो केवळ भुसभुशीत मातीचा ढीग. जुन्या हडपसरमध्ये तिला ही सोय शेताच्या बांधावर होती. त्याच बांधावर धामण होती, मुंगूस होते आणि जवळच्या जुन्या वाड्याच्या वळचणीला किंवा देवळाच्या कोनाड्यात गव्हाणी घुबड होते. घूस वाढत होती, पण वाढू शकत होती तेवढीच मारलीही जात होती. शेतकऱ्याचे नुकसान होत होते, पण ते आटोक्यात होते.

पुढे बांध गेले. सुमारे ४०० एकर शेतजमिनीवर शेतकऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन मगरपट्टा सिटी उभी केली, ही हडपसरची अभिमानास्पद कहाणी आहे आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. त्यामागोमाग मात्र शहर चहूबाजूंनी वाढत गेले. नाल्यांच्या दरडींना काँक्रीटच्या भिंती आल्या, ओढे नळांत गेले. खंड्या आणि वेडा राघू यांची घरे गेली, त्याची बातमी झाली नाही. धामण दिसताच ठेचली गेली. घुबड अशुभ म्हणून हाकलले गेले. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याचे चित्र देव्हाऱ्यात असते, त्याला छपराखाली जागा नाही! सलग, मऊ, ओलसर मातीचा मोठा उंचवटा जर कोठे उरला असेल, तर तो कालव्याच्या भरावाचा. त्याच भरावाच्या कडेला माणसाने खरकटे, भाजीचा कचरा आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या. अन्न आले, माती होतीच, पाणी उशाशी होते आणि शत्रूंचा बंदोबस्त माणसानेच करून ठेवला होता. घुशीने आणखी कोठे जावे? तिने भराव निवडला असेल, तर आमंत्रण कोणी दिले, हे सांगायला चौकशी समिती नको.

बीळ पाडणे हा घुशीचा स्वभाव आहे. ते वेळीच पाहणे हे माणसाचे काम आहे. हॉलंडचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि मातीच्या बांधांवर त्याचे अस्तित्व उभे आहे. तेथे कातड्यासाठी अमेरिकेतून युरोपात आणलेला मस्करॅट नावाचा उंदरासारखा प्राणी बांध पोखरतो. डच पाणी-मंडळांनी त्याच्यासाठी पगारी माणसे नेमली आहेत. ती बांधावर फिरतात, बिळे शोधतात आणि बंदोबस्त करतात. बांध फुटल्यावर प्राण्याला दोष देण्यापेक्षा फुटण्यापूर्वी त्याचा माग काढणे स्वस्त पडते, हे त्या देशाने ओळखले. आपल्याकडेही कालव्यावर पाटकरी फिरत असे, पाझर दिसला की वर्दी देत असे. अशी पायी फिरणारी नजर कमी झाली, की भरावाच्या आत काय चालले आहे ते फुटल्यावरच कळते.

यावर सोपा उपाय सुचवला जातो तो विषाचा. तो उफराटा ठरण्याची भीती आहे. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा सापाने खाल्ला, तर मरतो तो रक्षक. घुशीला वर्षातून अनेकदा आणि एका वेळी अनेक पिल्ले होतात. घुबडाची वीण तिच्यापुढे फारच थोडी. दोन हंगामांत घुशी पूर्ववत होतात, घुबड परत येत नाही. उपाय करायचा तर तो क्रमाने केला पाहिजे. कालव्याकाठी कचरा टाकणे प्रथम बंद झाले पाहिजे. प्रत्येक आवर्तनापूर्वी आणि पावसाळ्याआधी भरावाची पायी पाहणी होऊन तिची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे. बिळे नुसत्या मातीने न बुजवता आतपर्यंत चिकणमाती ठासून भरली पाहिजेत. वस्तीलगतच्या धोक्याच्या भागात अस्तरीकरण अपरिहार्य आहे आणि तेथे ते व्हावेच. माणसाच्या जिवापेक्षा घुशीचे बीळ मोठे नाही. पण मग त्याच न्यायाने, जेथे धोका नाही अशा नाल्यांच्या आणि ओढ्यांच्या दरडी काँक्रीटने मढवण्याचा हव्यास सोडला पाहिजे. मातीच्या सर्वच जागा बंद केल्या, तर प्राणी नेमके तेथेच शिरतील जेथे ते नको आहेत.

राज्य शासनाने खडकवासला ते फुरसुंगी असा भूमिगत बोगदा मंजूर केला आहे. तो पूर्ण झाल्यावर हडपसरमधील उघड्या कालव्यातून वाहणारे पाणी जमिनीखाली जाईल आणि कालव्याची लांबच लांब पट्टी मोकळी होईल. तिच्यावर रस्ता हवा, इमारती हव्यात, अशा मागण्या येणारच. पण पाणी गेल्यावर त्याच भरावातील बिळांचा धोका संपतो. काल जी जागा माणसासाठी घातक होती, ती उद्या प्राण्यांसाठी निर्धोक घर होऊ शकते. या पट्टीचा काही भाग मातीचा, झाडाझुडपांचा, दरडीचा राखला, तर खंड्याला दरड मिळेल, सुगरणीला बाभूळ मिळेल, धामणीला बीळ मिळेल. आणि घुशींना आवर घालणारी फौज पुन्हा विनावेतन कामावर रुजू होईल. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात एक रोप लावून छायाचित्र काढता येते. मातीची दरड राखल्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणूनच तिची आठवण करून द्यावी लागते.

नागपंचमीला जमीन नांगरू नये, खणू नये, अशी आपल्याकडे रूढी आहे. जमिनीखालीही कोणी राहते, हे वर्षातून एक दिवस तरी लक्षात ठेवण्याची ती युक्ती होती. ज्येष्ठात माउली आणि तुकोबांच्या पालख्या हडपसरपर्यंत येतात आणि येथूनच एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोरकडे वळते. वृक्ष आणि वनचर यांना सोयरे मानणाऱ्या संतांची ही वाट आहे. सोयऱ्याशी व्यवहार करताना आपले घरही सांभाळावे लागते आणि त्याच्यासाठी ओसरीही मोकळी ठेवावी लागते. कालव्याचा भराव घुशीच्या हाती सोडून देणे हा निष्काळजीपणा आहे. भराव फुटल्यावर घुशीला आरोपी करणे ही पळवाट आहे. या दोहोंच्या मध्ये जे साधे, रोजचे, पायी फिरण्याचे काम आहे, ते हडपसरच्या कालव्यावर कोण करतो आहे, एवढे नागरिकांनी पुढच्या आवर्तनापूर्वी विचारावे.