रंगावरून पारख

आमच्या बार्शीटाकळीस समुद्र कोठला? गोगलगाय म्हणजे पावसाळ्यांत परसांत दिसते ती. परवां नातवानें समुद्रांतील दोन शंखहीन गोगलगाईंचीं चित्रें आमच्यापुढें ठेविलीं व "आबा, ह्या दोन्ही एकाच जातीच्या" असें सांगितलें. आम्हीं त्यास दटावलें, "एक पांढरी, दुसरी गुलाबी; नीट पाहा!"

चूक आमचीच होती. 'फेव्होरिनस' नांवाच्या ह्या चिमुकल्या गोगलगाई इतर समुद्री गोगलगाईंचीं अंडीं खातात. त्यांच्या पाठीवर बोटांसारखे उंचवटे असून त्यांत पचनग्रंथीच्या शाखा शिरलेल्या असतात. त्वचा पारदर्शक असल्यामुळें खाल्लेल्या अंड्यांचा रंग बाहेर दिसतो. अंडीं गुलाबी, तर गोगलगाय गुलाबी. पांढरीं, तर पांढरी. म्हणून जात ठरवितांना जाणकार केवळ रंगावर विसंबत नाहींत. डोक्यावरील शिंगांच्या गाठी व मुखांतील सूक्ष्म दांतांची पट्टी तपासतात. जपानी प्राणिशास्त्रज्ञ किकुतारो बाबा यांनीं १९४९ सालीं वर्णिलेली 'फेव्होरिनस जपोनिकस' ही अशीच रंग पालटणारी जात होय.

आयुष्यभर मुलांस "निरखून पाहा" म्हणून शिकविलें, आणि घरांत मात्र वरवर पाहून निकाल दिला! लहानाचें म्हणणें खोडण्यापूर्वीं "कशावरून?" एवढें तरी आम्हीं विचारावयास हवें होतें. असो. नातवापाशीं चूक कबूल केली. तो म्हणाला, "आबा, आतां पुढचें चित्र पाहूं या?"