आकड्याच्या आत काय आहे?

आमच्या पाचोऱ्यात साखर मोजायचं यंत्र आता कुठल्याही मेडिकलवर मिळतं. बोट टोचायचं, पट्टीला थेंब लावायचा, काही सेकंदांत आकडा हजर. मग त्या आकड्यावरून घरात दिवसभराचा मूड ठरतो!

पट्टीवर एक एन्झाइम असतं. त्याच्यामुळे ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि विजेचा बारीकसा प्रवाह यंत्रापर्यंत जातो. साखर जास्त, प्रवाह जास्त. इतकं सोपं.

पण गंमत बघा. हा आकडा पेशींच्या बाहेर काय वाहतंय तेवढंच सांगतो. पेशीच्या आत काय चाललंय, ते नाही. बाजार समितीतला कापसाचा भाव वाचून एखाद्या शेतकऱ्याच्या घरातली चूल कळते का? तसंच हे.

आणि मधुमेहातली खरी झीज होते ती आतच. डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या पेशींत ऑक्सिजनची उपद्रवी संयुगं वाढतात, हे त्याचं एक मोठं कारण मानतात. ही संयुगं फार अल्पायुषी. पेशी फोडून तपासायला जावं, तर तोवर बरीचशी नाहीशी झालेली असतात. म्हणून जिवंत पेशीतच मोजायला हवं.

पेशी साधारण १० ते २० मायक्रोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान. तिच्यात शिरणारं सुईचं टोक त्याहून कितीतरी बारीक हवं. पण टोक बारीक केलं की प्रवाहही क्षीण होतो. म्हणून त्यावर प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म कणांचा खडबडीत थर देतात. पृष्ठभाग वाढतो, संकेत सुधारतो. न्यूयॉर्कचे मिर्किन आणि पॅरिसचे अमातोर यांच्या गटांनी २०१२ साली अशाच टोकांनी उंदराच्या पेशींच्या आत ही संयुगं मोजून दाखवली.

आता माझं मत. 'नॅनो' शब्द ऐकून लगेच भारावून जाऊ नये. सुई टोचणं ही पेशीला इजाच आहे. मग मिळालेला आकडा पेशीचा की तिच्या वेदनेचा? हा प्रश्न प्रत्येक नव्या सेन्सरला पहिल्यांदा विचारायला हवा.

पण "याचा आपल्याला काय उपयोग?" हा प्रश्न मात्र मला पटत नाही. क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणण्याची कल्पना मांडली १९६२ साली. तेव्हा पाचोऱ्यात कुणाला तिचा उपयोग होता? आपल्या जळगावच्या विद्यापीठातही पॉलिअ‍ॅनिलीनसारख्या वीजवाहक पॉलिमरवर एन्झाइम बसवून ग्लुकोजचे सेन्सर करण्याचं काम झालेलं आहे. गावाकडच्या मुलांनी असं संशोधन घेतलं की "नोकरी लागेल का?" एवढंच विचारलं जातं. असो.

पट्टी गावात पोचायला काही दशकं लागली. पेशीतला आकडा यायलाही वेळ लागेल. तोवर त्या मुलांना थोडी उसंत आणि प्रयोगशाळेला थोडे पैसे द्यायला काय हरकत आहे?

तुम्हाला काय वाटतं?