ईगल्सच्या चाहत्यांचा चुकलेला कौल

अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. तळाच्या संघाला निवडीचा पहिला मान असतो. कोण कोणाला घेणार, याची भाकिते चाहते महिनोन्‌महिने मांडत बसतात. १९९९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या चाहत्यांनी भाकितावर न थांबता आग्रहच धरला. त्यांना हवा होता हाइजमन करंडकविजेता रनिंग बॅक रिकी विल्यम्स. संघाने दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबचे नाव पुकारताच न्यूयॉर्कच्या सभागृहात त्यांनी हुर्यो उडवली.

चाहत्यांना खेळ कळत नव्हता, असे मात्र नाही. विल्यम्सने २००२ मध्ये मायामीकडून १,८५३ यार्ड धावून लीगमध्ये अग्रस्थान मिळवले. गुणवत्ता त्यांनी अचूक हेरली; चुकली ती संघाच्या गरजेची पारख. १९९८ मध्ये हजारांहून अधिक यार्ड धावलेला ड्यूस स्टेली ईगल्सकडे होताच, वानवा होती ती चेंडू फेकणाऱ्याची. विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या साऱ्या निवडी देऊन टाकणाऱ्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा हंगाम तीन विजयांवर आटोपला आणि प्रशिक्षक माइक डिट्का यांना जावे लागले. मॅकनॅबने ईगल्सला पाचदा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नेले. सुपर बोल तेवढा २००५ मध्ये तीन गुणांनी हुकला.