विश्लेषण : स्फटिकातल्या दोषावर तीन दशके... पोल यांचे संशोधन आज का महत्त्वाचे?

राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत क्वांटम संवेदकांचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारा एक संवेदक हिऱ्यातल्या दोषावर चालतो. त्यात कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसलेला असतो आणि शेजारची जागा रिकामी असते. स्फटिकांतील अशा दोषांचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीत गॉटिंगेन विद्यापीठात रॉबर्ट पोल यांनी उभा केला.

दोष म्हणजे नेमके काय?

साध्या मिठाचा पारदर्शक स्फटिक सोडियमच्या वाफेत तापवला की पिवळा होतो. पोटॅशियम क्लोराइड जांभळे दिसते, पोटॅशियम ब्रोमाइड निळे. यात रंगद्रव्य काहीच नसते. स्फटिकाच्या रचनेतून एखादा क्लोराइड किंवा ब्रोमाइड आयन गहाळ असतो, त्या रिकाम्या जागेत एक इलेक्ट्रॉन अडकतो आणि प्रकाशातला ठरावीक भाग शोषून घेतो. हेच ‘रंगकेंद्र’. हे चित्र डी बोअर यांनी १९३७ मध्ये मांडले. त्याआधीची वर्षानुवर्षांची मोजमापे मात्र पोल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची. त्यासाठी आधी शुद्ध, मोठे स्फटिक वाढवावे लागत. ते वाढवण्याची किरोपुलोस यांची १९२६ ची पद्धत गॉटिंगेनचीच, आणि आज ती नीलमणी स्फटिकांसाठी वापरली जाते.

त्याच विद्यापीठात तेव्हा बॉर्न आणि हायझेनबर्ग क्वांटम यांत्रिकी घडवत होते. त्या झगमगाटात मिठाचे खडे तापवत बसणे कुणाला क्षुल्लकही वाटले असेल. पोल १९५२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या विषयाला धरून राहिले.

उपयोग काय झाला?

१९३८ मध्ये हिल्श आणि पोल यांनी पोटॅशियम ब्रोमाइडच्या स्फटिकाला तीन विद्युतअग्रे जोडून त्यातला प्रवाह नियंत्रित करून दाखवला. ट्रान्झिस्टर आला १९४७ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. पोल यांचे उपकरण फारच मंद, व्यवहारात निरुपयोगी. पण घन पदार्थातून असे नियंत्रण शक्य आहे, हे त्याने दाखवले.

भारतात हे घडेल?

मोहिमेचा खर्च सुमारे ६००३ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. आठ वर्षे म्हणजे आपल्याकडे चैनच, कारण एरवीचे संशोधन प्रकल्प बहुधा तीन वर्षांत गुंडाळावे लागतात. पण या पैशातून यंत्रेच अधिक येतील आणि स्फटिक वाढवणारे हात कंत्राटी राहतील, तर मोहीम संपताच ते कौशल्यही पांगेल. संवेदकांच्या उद्दिष्टांइतकीच निकड प्रयोगशाळांतील कायम पदांची आहे.