वेगळे व्हा, पण तोंड चुकवू नका

चाळिशीकडे झुकलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘त्याच्याशी आता जमत नाही, मी खूप बदललो.’ पाठोपाठ सल्लाही येतो. आपल्या वाढीला ज्यांचा उपयोग नाही त्यांना मागे सोडावं. भांडण नको, फक्त फोन कमी करत जावं. हा सल्ला समंजस वाटतो. मला तो साफ अमान्य आहे.

त्यात वाढ एकाचीच धरलेली असते. मी पुढे गेलो, तो होता तिथेच राहिला! टिळक आणि आगरकर आठवा. दोघांचा जन्म १८५६चा. सरकारी नोकरी न धरता शिक्षणाला वाहून घ्यायचं हे त्यांनी डेक्कन कॉलेजात असतानाच ठरवलं. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यामुळे दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. तरीही १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क, सुधारणेसाठी परक्या सरकारचा कायदा चालेल का, यावर त्यांचं फाटलं. यात मागे कोण राहिलं? वाढले दोघेही, फक्त दिशा निराळ्या होत्या.

जुनी मैत्री काहीही करून टिकवावी, त्यासाठी मतं गिळावीत, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. मैत्रीखातर आगरकर गप्प बसले असते, तर बालविवाह आणि विधवांचं केशवपन यांवरचं त्यांचं सडेतोड लेखन आपल्याला मिळालं नसतं. वेगळं होणं आवश्यकच होतं.

पण ते वेगळे झाले ते उघडपणे. कारणं छापून, नावानिशी. वादात कडवटपणा आला, दोघांनी मिळून उभारलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतल्या तंट्यात तर फारच. १८९० मध्ये टिळकांनी तीही सोडली. ते दिवस गोड होते असं मी म्हणणार नाही. मात्र समोरचा उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही, असं दोघांपैकी कुणी मानलं नाही. फोन न उचलणारा नेमकं हेच मानतो. ‘तू मला चुकीचं समजतोयस’ किंवा ‘अरे, मीही बदललोय’ एवढं म्हणायची संधीसुद्धा तो मित्राला देत नाही. वीस वर्षांच्या सोबतीनंतर माणसाचा एवढा तरी हक्क उरतोच.

जिथे मारहाण आहे, रोजची मानहानी आहे, तिथे मात्र खुलासा कुणाला देणं लागत नाही. तिथून निघून जावं. मी बोलतोय ते नुसतं जग वेगळं झालेल्यांबद्दल : गावात राहिलेला वर्गमित्र, एकाच खोलीत अभ्यास केलेली मैत्रीण, एके काळी सगळं जिला सांगायचो ती बहीण. त्यांच्याशी पूर्वीसारखं रोज बोलणं होणार नाही, आणि त्यात अपराध काही नाही. पण आपलं काय बिनसलं ते त्यांना समोर बसून सांगता येतं.

१८९५च्या जूनमध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. मतभेद मिटले नव्हते. तरी तो लिहिण्याचा अधिकार टिळकांकडे होता, कारण सगळं भांडण त्यांनी आगरकरांच्या तोंडावर केलं होतं.