मुंबईहून परतल्यावर

एमआरआयमध्ये डोक्यात गाठ निघाली की नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव, नरसी भागातल्या घरात पहिली चर्चा एकच होते : मुंबई की हैदराबाद? मुंबई म्हणजे टाटा रुग्णालय, नाहीतर त्यांचेच खारघरचे केंद्र. हैदराबाद जवळ आणि निजामाच्या काळापासून पायाखालचे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, शेक (रेडिएशन) आणि केमोच्या खर्चाचा मोठा भार उचलला जातो, ही साधी गोष्ट नव्हे. पण रुग्ण टाके काढून गावी आला की योजनेचा हिशेब संपतो आणि घरच्यांचा सुरू होतो.

तो हिशेब जवळून पाहावा. ताटात भाकरी, वरण, भाजी वाढलेली असते. रुग्ण उजव्या अंगाचे खातो आणि डावी बाजू तशीच ठेवतो. घरच्यांना वाटते, अन्नावरची वासना गेली. खरे तर गाठीमुळे मेंदू डावीकडची नोंदच घेत नाही. ताट फिरवून दिले की तो उरलेलेही खातो. एवढी गोष्ट त्याच्या बायकोला कुणी सांगितलेली नसते. डेक्सामेथासोनच्या गोळ्यांनी मेंदूची सूज उतरते, दोन-चार दिवसांत माणूस बोलू-चालू लागतो. मग ‘बरं झालं’ म्हणून गोळ्या एकाएकी बंद होतात आणि जिवावर बेतते. त्याच गोळ्यांनी साखर वाढते, मांड्यांतले बळ जाते, रात्री झोप उडते, हेही आधी कळलेले नसते. झटका आला की कांदा, चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांवर गेला तर दवाखाना गाठा, हे शिकवायला दहा मिनिटे पुरतात.

घरच्या सांभाळावर एवढे अवलंबून, म्हणून काही जण म्हणतात, घातक गाठीसाठी कर्ज काढून धावपळ कशाला, घरीच नीट सांभाळा. हे म्हणणे तपासून घेतले पाहिजे. ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूच्या सर्वांत घातक गाठींपैकी एक. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या शेकाला टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेले. अडीच महिने म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण दोन वर्षांनंतर हयात असणारे दहा टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर गेले. लेकराची दहावी, बारावी पाहता येणे हे त्या सव्वीस टक्क्यांत आहे. सत्तरी ओलांडलेल्यांमध्येही 2007 च्या फ्रेंच चाचणीत शेकाचा लाभ दिसला आणि त्यापायी जगण्याची प्रत घसरली नाही. तेव्हा ‘काही उपयोग नाही’ हा सल्ला चुकीचा आहे.

तरी मोठा उपचार म्हणजे लांबलचक उपचारच, असेही नाही. साठीपुढच्या रुग्णांना सहा आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत शेक दिला तरी आयुष्यात फरक पडत नाही, हे कॅनडातल्या चाचणीने 2004 मध्येच दाखवले. परगावी खोली करून राहणाऱ्या, मजुरी बुडवणाऱ्या घरासाठी ते तीन आठवडे किती मोठे! तशी सोय आमच्या माणसाला चालेल का, हे विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

परतलेल्या रुग्णासाठी गावाजवळच सेवा मागताना एक शंका मात्र मला मोलाची वाटते. ‘घराजवळची शुश्रूषा’ म्हणजे मराठवाड्याला पुन्हा दुय्यम माल नव्हे ना? 1984 च्या दांडेकर समितीपासून अनुशेषाचे आकडे ऐकत आलेल्या माणसाने असा संशय घेणे रास्तच आहे. म्हणूनच मुंबईचा उपचार कमी करून ही घराजवळची सेवा मागू नये. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून सोबत मागाव्यात. तालुक्यात मेंदूच्या गाठीचे रुग्ण थोडेच, हा आक्षेपही खरा. पण लकवा, फेफरे, दुसरे कॅन्सर यांना लागणारी परिचारिका, फिजिओथेरपी आणि झटक्याचे औषध तेच असते. केरळने 2008 मध्ये वेदनाशमनाचे धोरण आखले; पलीकडच्या तेलंगणानेही सरकारी पैशातून जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे काढली. मॉर्फिनच्या आड येणारा अमली पदार्थांचा कायदा 2014 मध्ये सैल झाला आहे. आता अडचण कायद्याची कमी, प्रशिक्षित माणसांची जास्त.

आणखी एक बाब घाईची आहे. या आजारात बोलणे, समज आणि सहीचा हात लवकर जाऊ शकतो. सातबारा, बँकेचे खाते, पुढचे ऑपरेशन करायचे की नाही, हे रुग्णालाच विचारायचे तर सुरुवातीलाच विचारावे लागते. आपल्याकडे त्याच्यापासून आजार लपवतात. त्यामागे माया असते, पण त्याचा निर्णय त्याच्या हातून जातो. इथे मी लपवण्याच्या विरोधात आहे, जरी सांगायची वेळ आणि शब्द घरच्यांनी ठरवावेत.

शहरातल्या दवाखान्याने डिस्चार्ज कार्डावर गोळ्या कशा कमी करायच्या, झटका आल्यास काय करायचे, हे मराठीत लिहून द्यावे. त्यावर नायगावच्या डॉक्टरांचा फोन नंबर असावा, आणि रात्री अडले तर त्या डॉक्टरांना फिरवता येईल असा मुंबई-हैदराबादचाही.