देवी काढणे

लस टोचून घेण्यास मराठीत पूर्वी ‘देवी काढणे’ असे म्हणत. हा रोग म्हणजे देवीचा कोप. तेथे सुई लावणे म्हणजे तिचा अवमान, असे कित्येकांस वाटे. टोचणारा आला की मुलास घेऊन माजघरात लपणारी माता निर्दय नव्हती. शरीराचे पावित्र्य व देवतेचा मान ही तिच्या लेखी मूल्येच होती.

देवीचा रोग गेला. १९८० साली जगाने तसे जाहीर केले. ते मन मात्र गेले नाही. २०२१ साली कोरोनाची लस आली, तेव्हा ‘लशीने मूल होत नाही’ असे खोटे निरोप मोबाइलवरून घरोघर पोहोचले. ते धाडणाऱ्यांत दुष्ट थोडेच असावेत. बहुतेकांची काळजी खरी होती, माहिती तेवढी खोटी होती. आणि अशा माणसास मूर्ख म्हटल्याने तो अधिकच दुरावतो.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी सोजीर घरांत शिरून झडत्या घेत. लोक रोगाहून सरकारलाच अधिक भ्याले. पुढे कोल्हापुरात तोच रोग आला. शाहू महाराजांनी प्रजेस शहराबाहेर माळावर झोपड्यांत हलविले, गरिबांस साहाय्य दिले. घर सोडणे येथेही कठीणच. पण सांगणारा आपला होता.

विश्वासास सत्यही लागते. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे तीच लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडताना ती दूषित झाली होती. हाफकिन १९०७ साली दोषमुक्त ठरले. ही हकीकत झाकून ठेवण्यात शहाणपण नाही; झाकलेल्या चुकीवरच अफवा पोसते.

‘शरीर माझे, निर्णय माझा’ हा युक्तिवादही क्षुद्र नव्हे. परंतु गोवराची पहिली लस बालकास नवव्या महिन्यानंतर देतात. तोवर शेजारच्या मुलांनी ती घेतलेली असणे, हे त्याचे मोठे संरक्षण. त्या तान्ह्याने आपले स्वातंत्र्य कोणापाशी मागावे?

करवीर तालुक्यातील एखाद्या घरी आशाताई येते, तेव्हा उंबऱ्यातच आजी विचारते, “टोचल्यावर पोराला ताप येणार न्हवं?”

“येईल, मावशी. एखादा दिवस येईल. उद्या सकाळी मी बघायला येते.”

आजी बाजूला सरते.